जुन्या पंख्यातली मोटर नेमकी कुठल्या जातीची? प्लग लावण्याआधी ओळखायची पद्धत

ब्रश दिसले की डीसी, ब्रश नाहीत की एसी. जुने पंखे जमवणारे आणि दुरुस्त करणारे बरेच जण एवढ्या एका आडाख्यावर मोटर ओळखतात. याच आडाख्यापायी चांगल्या, न मिळणाऱ्या मोटरी जळतात.

माझ्याही हातून एक जळली आहे. जाड पितळी पात्यांचा टेबल पंखा होता, नामपट्टी गायब. मागचं झाकण काढलं, दोन कार्बन ब्रश दिसले, म्हणून डीसी धरून चाललो आणि रेक्टिफायरवरून (एसीचं डीसी करणाऱ्या जोडणीवरून) वीज दिली. पातं हललं नाही. अर्ध्या मिनिटात लाखेचा जळका वास आला आणि स्टेटरची (मोटरच्या स्थिर भागाची) एक कॉइल काळी पडली. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा कळलं, की ते दोन ब्रश जाड तांब्याच्या वेणीने एकमेकांनाच जोडलेले होते. बाहेरून येणारी एकही वायर त्यांच्याकडे जात नव्हती. ती एसीची रिपल्शन मोटर होती. खूण डोळ्यासमोर होती, पण मी ब्रश कुठे जोडलेत हे बघितलंच नव्हतं.

म्हणून या लेखात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी डोळे, मग मीटर, मग होकायंत्र आणि सगळ्यात शेवटी वीज. मधली पायरी गाळू नका, कारण पुढच्या पायरीचा अर्थ बऱ्याचदा मागच्या पायरीच्या उत्तरावर ठरतो.

## तयारी

लागणारं सामान थोडंच आहे: ओहम नीट दाखवणारा मल्टिमीटर, २५० व्होल्टची रेंज असलेला मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर), छोटं होकायंत्र, दीड ते सहा व्होल्टची बॅटरी, १०० वॅटचा तारेचा बल्ब बसवलेला सिरीज लॅम्प (मोटरच्या वाटेत जोडायचा, प्रवाह आवरणारा दिवा), बारीक टॉर्च, जाड कागदाच्या पट्ट्या आणि वायरींना बांधायला चिठ्ठ्या. सिरीज लॅम्पला एलईडी बल्ब चालत नाही. तो प्रवाह आवरत नाही आणि त्याच्या उजेडावरून काही समजतही नाही.

पंखा आल्या आल्या पुसायला घेऊ नका. ब्रशच्या धारकाभोवतीची काजळी, कम्युटेटरवरचे (ब्रश ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकतात त्यांच्यावरचे) चरे, वार्निश कुठे जास्त तपकिरी झालंय, हे सगळं मोटर काय होती आणि कशी वापरली गेली ते सांगतं. आधी फोटो काढा, प्रत्येक स्क्रूचा, प्रत्येक वायरचा. पॉलिशपेपर कपाटातच राहू दे.

सावधान: मोटर आणि बैठक यांना जोडणाऱ्या जुन्या वायरींचं रबर बिस्किटासारखं तुटतं. ती वाकवण्याआधी दोन्ही टोकांना सारख्या खुणेच्या चिठ्ठ्या बांधा. बैठकीत रेझिस्टन्सजवळ करड्या-पांढऱ्या तंतूंचं आवरण किंवा जाड करडा कागद दिसला, तर ते अॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच वागा. कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका. मास्क लावा, पाण्याने ओलं करा आणि शक्यतो आहे तसंच राहू द्या.

## पायरी १: नामपट्टी वाचा, पण तिच्यावर विसंबू नका

नामपट्टीवर आधी फ्रिक्वेन्सीचा आकडा शोधा. सायकल्सचा आकडा असेल तर मोटर एसीची किंवा युनिव्हर्सल, म्हणजे एसी-डीसी दोन्हींवर चालणारी. नुसते व्होल्ट दिले असतील आणि सायकल्सचा उल्लेखच नसेल, तर डीसीची दाट शंका घ्या. ३२ व्होल्ट लिहिलं असेल तर तो पंखा शेतावरच्या घरगुती बॅटरी-जनित्रावर चालणारा, म्हणजे डीसी.

फार जुन्या अमेरिकन पंख्यांवर सायकल्सच्या जागी ऑल्टरनेशन्सचा आकडा असतो आणि इथे भलेभले चुकतात. तो आकडा दर मिनिटाचा असतो, आणि एका सायकलमध्ये दोन ऑल्टरनेशन्स येतात. म्हणून त्याला १२० ने भागलं की हर्ट्झ मिळतात. ७२०० म्हणजे ६० हर्ट्झ, ३००० म्हणजे २५ हर्ट्झ, १५००० म्हणजे १२५ आणि १६००० म्हणजे १३३ हर्ट्झच्या थोडं वर. पट्टीवर ५२ किंवा १०४ व्होल्ट दिसले, तर एसी पुरवठ्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातला, आणि बहुधा याच चढ्या फ्रिक्वेन्सीचा पंखा तुमच्या हातात आहे. तो आजच्या लाइनला लावायचाच नाही. का, ते पायरी ७ मध्ये येईल.

पेटंटच्या तारखा असतील तर शेवटची तारीख लिहून घ्या. पंखा त्याच्या आधीचा असू शकत नाही. त्या तारखेवरून बनवल्याचं वर्ष मात्र कळत नाही.

पट्टीवर पूर्ण विश्वास का ठेवायचा नाही? कारण पट्टी बहुतेक वेळा बैठकीवर किंवा मागच्या झाकणावर असते, आणि पन्नास-साठ वर्षांत बैठका आणि झाकणं अदलाबदल होतात. त्यातून मारेल्लीसारख्या कंपन्यांनी बाहेरून सारखेच दिसणारे पंखे एसी आणि डीसी अशा दोन्ही जातींत बनवले. बाहेरच्या रूपावरून आत काय आहे ते कळत नाही.

## पायरी २: बैठक उघडा

मोटरला हात लावण्याआधी बैठकीचा तळ काढा. वेग कमी-जास्त करणारी वस्तू तिथे असते.

चिनीमातीच्या नळीवर किंवा पट्टीवर गुंडाळलेली उघडी तार असेल तर तो रेझिस्टन्स. तो डीसी आणि युनिव्हर्सल पंख्यांत नेहमी दिसतो, क्वचित एसीतही असतो. लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर गुंडाळलेली, छोट्या ट्रान्सफॉर्मरसारखी दिसणारी कॉइल असेल तर तो चोक, आणि चोक म्हणजे पंखा एसीचाच. डीसीवर चोकचा काही उपयोग नसतो.

जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांच्या अनेक पितळी पात्यांच्या पंख्यांत असा चोक सापडतो. तो नुसता वेगासाठी आहे असं समजून लोक काढून टाकतात. काही मोटरी त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. पायरी ५ होईपर्यंत त्याची एकही वायर सोडवू नका.

## पायरी ३: लोखंड बघा

मागचं झाकण काढा आणि टॉर्च तिरपा धरा. स्टेटरच्या म्हणजे स्थिर भागाच्या लोखंडाची कड बघा. वहीच्या पानांसारख्या बारीक रेघा दिसल्या, तर ते पातळ पत्रे एकावर एक दाबून केलेलं आहे. रेघा नसून खडबडीत, एकसंध लोखंड असेल तर ते ओतीव.

एसीचं चुंबकत्व सेकंदाला कित्येकदा उलटतं, आणि एकसंध लोखंडात त्यामुळे भोवरे प्रवाह तयार होऊन ते तापतं. म्हणून एसी मोटरच्या चुंबकीय वाटेत एकसंध लोखंड ठेवत नाहीत. यावरून एकाच दिशेने चालणारा नियम मिळतो:

- चुंबकीय वाटेचा कुठलाही भाग ओतीव असेल, तर मोटर डीसीचीच.
- सगळीकडे पत्रे असतील, तर एसी, युनिव्हर्सल किंवा डीसी, काहीही असू शकतं.

दुसऱ्या ओळीवरून ‘पत्रे आहेत, म्हणजे एसी’ असा अर्थ काढू नका. काही डीसी मोटरींचे पोलही (स्थिर भागावरचे चुंबकाचे ध्रुव) पत्र्यांचे असतात, त्यांचं बाहेरचं कडं तेवढं ओतीव असतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, फिरणाऱ्या भागाचे पत्रे बघून निर्णय घेणं. फिरणारं लोखंड डीसीतही पत्र्यांचंच असतं, कारण फिरताना त्याच्यातलं चुंबकत्व उलटत राहतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसरी चूक म्हणजे बाहेरच्या ओतीव कवचाला मोटरचं लोखंड समजणं. एसी पंख्यात पत्र्यांचा पूर्ण स्टेटर ओतीव कवचात ठोकून बसवलेला असतो. कॉइल ज्या लोखंडावर गुंडाळलेली आहे तिथून सुरुवात करून एका पोलपासून शेजारच्या पोलपर्यंत बोट फिरवा. ती वाट पत्र्यांतूनच पूर्ण होत असेल तर कवच सोडून द्या.

## पायरी ४: फिरणारा भाग कोणता?

तीन शक्यता आहेत.

पिंजरा. गुळगुळीत लोखंडी दंडगोल, त्यात तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्या, दोन्ही टोकांना कडी, कुठेही वाइंडिंग (गुंडाळलेली तार) नाही. ही एसीची इंडक्शन मोटर. थेट पायरी ५ ब कडे जा.

कम्युटेटर. शाफ्टवर तांब्याच्या अनेक पट्ट्या, मध्ये अभ्रकाच्या फटी, आणि पट्ट्यांना जोडलेलं वाइंडिंग. कम्युटेटर दंडगोल असतो तसा काही मोटरींत चपट्या तबकडीसारखाही असतो आणि ब्रश त्याच्या तोंडावर टेकतात. तबकडी दिसली तर रिपल्शनची शंका आधी घ्या. पुढे पायरी ५ अ.

स्लिप रिंग. अखंड कडी, पट्ट्या नाहीत. ब्रश असतात, पण कम्युटेटर नसतो. उभ्या दांड्याभोवती गरगरणाऱ्या जायरो पंख्यांत, जिथे दोन-दोन मोटरी फिरत्या आडव्या दांड्यावर असतात, तिथे वीज फिरत्या भागात पोचवायला अशी कडी लावतात. मोटर कोणती आहे याच्याशी या ब्रशांचा काही संबंध नाही. ते विसरून जा आणि मोटर वेगळी उघडून बघा.

पडताळणी: कडं अखंड आहे की काजळीने फटी भरल्या आहेत, हे नखाने बघा. काजळी साचलेला कम्युटेटर अंधाऱ्या कवचात स्लिप रिंगसारखाच दिसतो.

## पायरी ५ अ: ब्रश असतील तर, ते कुठे जोडलेत?

याच पायरीवर मी चुकलो होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी वायरींचा माग काढा. प्रत्येक ब्रशच्या धारकापासून निघणारी वायर कुठे जाते? बाहेरच्या कॉर्डकडे, फील्ड कॉइलकडे (स्थिर भागावरच्या कॉइलकडे), की समोरच्या ब्रशकडे? कॉइलवरच्या पट्टीखाली वायर दिसेनाशी होत असेल तर मीटर घ्या.

मोटरला येणाऱ्या दोन मुख्य वायरींवर मीटर लावा आणि आकडा लिहा. मग पातं हाताने अगदी हळू फिरवा. आकडा डुलत असेल, तर प्रवाह ब्रशांतून जातो आहे. आकडा दगडासारखा स्थिर राहिला, तर ब्रश त्या वाटेत नाहीत.

आता एका ब्रशखाली जाड कागदाची पट्टी सरकवा, म्हणजे ब्रश कम्युटेटरपासून सुटेल. पुन्हा मोजा.

1. वाट तुटली, मीटर काहीच दाखवत नाही: फील्ड आणि आर्मेचर (वाइंडिंगचा फिरणारा भाग) एकामागे एक आहेत, म्हणजे सिरीज मोटर. आता पायरी ३ चं उत्तर आठवा. लोखंड ओतीव असेल तर ती फक्त डीसीची. सगळं पत्र्यांचं असेल तर बहुतेक युनिव्हर्सल. गिल्बर्टचे पोलर कब हे छोटे पंखे या जातीचे आहेत.

2. आकडा उडी मारून खूप वर गेला, पण वाट तुटली नाही: शंट मोटर, डीसी. आर्मेचरची कमी ओहमची वाट कागदाने बंद झाली आणि बारीक तारेच्या फील्डची जास्त ओहमची वाट उरली. एकाच पोलवर बारीक तारेची भरपूर वेढ्यांची आणि जाड तारेची थोड्या वेढ्यांची अशा दोन कॉइल दिसल्या, तर ती कंपाउंड मोटर. तीही डीसीच.

3. काहीच फरक पडला नाही: ब्रश लाइनला जोडलेलेच नाहीत. समोरासमोरच्या ब्रशांमधली वाट तपासा, ते एकमेकांना जोडलेले सापडतील. ही रिपल्शन मोटर, एसी. काहींत सुरुवात रिपल्शनने होते आणि वेग आल्यावर शाफ्टवरची वजनं फाकून कम्युटेटरच्या पट्ट्या आपसात जोडतात. मग ती इंडक्शन मोटरसारखी चालते. कम्युटेटरच्या आत स्प्रिंग किंवा सरकणारं कडं दिसलं तर तो मोडलेला सुटा भाग समजून काढू नका.

सावधान: ब्रश झिजलेला असेल, स्प्रिंग अडकली असेल किंवा कम्युटेटरवर मेणचट थर असेल, तर कागद न घालताही वाट तुटलेली दिसते आणि शंट मोटर कागदाआधीच ‘वर गेलेला’ आकडा दाखवते. चाचणीआधी कोरड्या सुती कापडाने कम्युटेटर पुसा, ब्रश धारकात मोकळा सरकतो का बघा आणि पातं पाच-सहा वेळा फिरवा.

रिपल्शन मोटरचे ब्रश एका ठरलेल्या कोनात बसवलेले असतात. तो कोन बदलला की ताकद बदलते, दुसऱ्या बाजूला गेला की पंखा उलटा फिरतो. ब्रशचं कडं सैल करण्याआधी कडं आणि कवच दोन्हीवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा.

## पायरी ५ ब: ब्रश नसतील तर, मोटर सुरू कशी होते?

एकाच फेजवर चालणारी इंडक्शन मोटर आपणहून सुरू होत नाही. तिला धक्का देण्याची काहीतरी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था म्हणजेच तिची जात.

शेडेड पोल. पोलच्या टोकाचा साधारण तिसरा भाग एका खाचेने वेगळा केलेला असतो आणि त्याभोवती तांब्याचं बंद कडं असतं. वार्निशखाली ते काळपट दिसतं, पण टॉर्च टाकला की लालसर झाक येते. त्याला कुठलीच वायर येत नाही, आणि येऊही नये. ‘शॉर्ट झालेली कॉइल’ समजून हे कडं कापलेले पंखे मी बघितले आहेत. कापल्यावर मोटर नुसती गुणगुणते.

पडताळणी: शेडेड पोल मोटर नेहमी पोलच्या उघड्या भागाकडून कड्याच्या भागाकडे फिरते. पात्याचा पीळ बघून ठरवा, त्या दिशेने फिरल्यावर हवा पुढे येईल का? येत नसेल, तर आधीच्या कुणीतरी स्टेटर उलटा बसवला आहे किंवा पातं दुसऱ्या पंख्याचं आहे.

स्प्लिट फेज. स्टेटरच्या खाचांत दोन वाइंडिंग असतात, एक रनिंग, दुसरं स्टार्टिंग, एकमेकांपासून सरकवून बसवलेली. आता प्रश्न असा, की दोघांतल्या प्रवाहात वेळेचं अंतर कोण पाडतं? शाफ्टच्या टोकाला वजनांचा स्विच असेल तर स्टार्टिंग वाइंडिंग थोडा वेळच चालतं. स्विच नसेल आणि बैठकीत कपॅसिटर असेल तर कपॅसिटर मोटर. जुन्या पंख्यावर चकचकीत नवा कपॅसिटर दिसला तर तो नंतर बसवलेला. मूळ व्यवस्था काय होती ते शोधा. आणि स्विचही नाही, कपॅसिटरही नाही, पण बैठकीत चोक आहे आणि मोटरकडे तीन वायरी जातात, तर तो चोकच हे अंतर पाडतो.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त बिघडवला जातो. नवी कॉर्ड टाकताना लोक तीनपैकी दोन वायरी लाइनला जोडतात आणि तिसरी टेप लावून सोडतात. मग पंखा गुणगुणतो, हलत नाही. मोटर ‘गेली’ म्हणून रिवाइंडिंगला टाकली जाते. ती चांगली असते.

## पायरी ६: तीन वायरींची बेरीज

मोटरकडून तीन वायरी येत असतील तर त्या बैठकीपासून सोडवा, चिठ्ठ्या बघा आणि तिन्ही जोड्या मोजा. समजा १-२ मध्ये २२ ओहम, २-३ मध्ये ३८, १-३ मध्ये ६० आले. सगळ्यात मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका आहे, म्हणजे दोन वाइंडिंग एका सामाईक वायरला मिळतात. मोठ्या आकड्याच्या जोडीत जी वायर नाही ती सामाईक, इथे २ नंबरची.

बेरीज जुळली म्हणजे स्प्लिट फेज असं लगेच लिहू नका. एकाच वाइंडिंगला वेगासाठी मधून टॅप (जादा वायर) काढला तरी बेरीज अशीच जुळते. फरक स्टेटरवर दिसतो. दोन वेगळी वाइंडिंग सरकवून बसवली असतील तर स्प्लिट फेज, एकाच जागी एकावर एक असतील तर टॅप.

तिन्ही आकडे सारखे आले तर थ्री फेज मोटर, पंख्यात दुर्मीळ. तिला एका फेजवर लावण्याचा प्रयत्न इथेच थांबवा. चार वायरी असतील आणि दोन-दोनच्या जोड्यांत आपसात काहीच वाट नसेल, तर दोन वाइंडिंग सुटी बाहेर काढली आहेत. दोघांचे ओहम आणि तारेची जाडी अगदी सारखी असेल तर टू फेज मोटरची शक्यताही लक्षात ठेवा.

सगळे आकडे थंड मोटरवर घ्या. तापलेलं तांबं जास्त ओहम दाखवतं आणि बेरीज चुकीची वाटते.

## पायरी ७: पोल मोजा, फ्रिक्वेन्सी ताडा

एसी इंडक्शन मोटरसाठी ही पायरी गाळायची नाही, नामपट्टी असली तरीही.

रोटर म्हणजे फिरणारा भाग बाहेर काढा. रनिंग वाइंडिंगला बॅटरी जोडा, दोन-तीन सेकंदांपुरतीच, आणि होकायंत्र स्टेटरच्या आतल्या गोलावर एक पूर्ण फेरी फिरवा. सुई जितक्या वेळा उलटते तितके पोल. ही संख्या नेहमी सम येते. पाच किंवा सात आले तर मोजताना चुकलं आहे, पुन्हा करा.

आता गणित: फ्रिक्वेन्सीला १२० ने गुणा आणि पोलांनी भागा. हा मिनिटाला किती फेरे, याचा वरचा आकडा. प्रत्यक्ष वेग त्याहून थोडा कमी असतो. ५० हर्ट्झवर ४ पोलांना १५००, ६ पोलांना १०००. ६० हर्ट्झवर तेच १८०० आणि १२००.

टेबल पंख्याचा पूर्ण वेग साधारण १००० ते १७०० च्या पट्ट्यात असतो. तुम्ही मोजले १० पोल. ५० हर्ट्झवर ते ६०० फेरे होतात, टेबल पंख्याला फारच कमी. १३३ हर्ट्झ धरले की १६०० येतात, म्हणजे कोडं सुटलं. उलट, मोठ्या पात्याच्या इंडक्शन मोटरला दोनच पोल निघाले, तर ६० हर्ट्झवर ३६०० फेरे येतात, आणि तेवढ्या वेगासाठी ते पातं केलेलंच नसतं. २५ हर्ट्झ धरा, १५०० येतील.

छताच्या पंख्याला हा आडाखा लावू नका. तो मुळातच संथ असतो आणि १४, १६, १८ पोल त्यात सर्रास असतात.

सावधान: १३३ हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर लावली तर वाइंडिंगचा अडथळा निम्म्याहून खाली येतो आणि प्रवाह अडीच पटींपलीकडे जातो. तिला चालवून बघायचंच असेल तर व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात उतरवा: १०४ व्होल्टच्या मोटरला ५० हर्ट्झवर साधारण ३९, ६० हर्ट्झवर ४७. वेगही त्याच प्रमाणात उतरतो. २५ हर्ट्झच्या मोटरचं उलट होतं. जास्त फ्रिक्वेन्सीवर तिची ताकद पडते, पंखा वेग धरत नाही आणि रोटर तापतो.

## पायरी ८: तरीही जात लागत नसेल तर

एकच फील्ड कॉइल दिसते. ब्रश आणि कम्युटेटर आहे, लोखंड ओतीव आहे, पण पोलांवर कॉइलच नाही. आर्मेचरभोवती मात्र एक मोठी गोल कॉइल आहे. दुसरी कॉइल हरवली असं समजू नका. ही लुंडेल पद्धतीची डीसी मोटर. कवचाचे दोन अर्धे भाग हेच पोल असतात, नखांसारखे आत वळलेले, आणि एक कॉइल दोघांना विरुद्ध ध्रुव देते. जोडताना दोन्ही भाग मूळ खुणेवरच बसले पाहिजेत.

कवच फिरतं, शाफ्ट स्थिर. मोटर उलगडून आतली बाहेर केल्यासारखी. वायरी पोकळ शाफ्टमधून येतात. छताच्या पंख्यात हे नेहमीचं, टेबल पंख्यात क्वचित. पायऱ्या त्याच, फक्त स्टेटर आत आणि पिंजरा बाहेर. होकायंत्र बाहेरच्या गोलावर फिरवा.

हाताने फिरवताना पातं अडखळत थांबतं, वीज नसताना. कायम चुंबकाची छोटी डीसी मोटर असेल. कमी व्होल्टच्या बॅटरीची टोकं अदलून बघा. दिशा उलटली तर नक्की. सिरीज किंवा शंट मोटर टोकं अदलल्याने उलटी फिरत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात.

## पायरी ९: आता वीज

आधी मेगर. वाइंडिंग आणि कवच यांच्यामध्ये २५० व्होल्टच्या रेंजवर किमान १ मेगओहम यायला हवा. कमी आला तर मोटर कोरड्या, उबदार जागी काही दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. मग नवी तीन वायरींची कॉर्ड लावा आणि कवचाला अर्थिंग द्या. सुरुवातीला कायम सिरीज लॅम्पमधून वीज द्या: पाच सेकंद, बंद, प्लग काढा, हात लावून बघा, वास घ्या.

जातीनुसार पथ्यं वेगळी आहेत:

- सिरीज आणि युनिव्हर्सल: पातं काढून चालवू नका. भार नसेल तर वेग चढतच जातो. पातं आणि जाळी दोन्ही बसवूनच वीज.
- शंट: फील्डची वायर सैल नाही ना, हे दोनदा बघा. चालू असताना फील्ड तुटलं तर मोटर बेफाम पळू शकते.
- वजनांच्या स्विचची स्प्लिट फेज: व्हेरियाकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवू नका. वेग येत नाही, स्विच उघडत नाही आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं. बल्बमधूनही ती बहुधा सुरू होणार नाही. बल्ब फक्त शॉर्ट आहे का एवढं सांगेल. नंतर पूर्ण व्होल्टेज द्या, आणि दोन-तीन सेकंदांत वेग धरला नाही तर लगेच बंद.
- डीसीसाठी रेक्टिफायर: नुसता ब्रिज लावा, मागे मोठा कपॅसिटर लावू नका. नुसत्या ब्रिजवर सरासरी व्होल्टेज एसीच्या सुमारे ०.९ पट येतं. कपॅसिटर लावला की १.४ पटीपर्यंत चढतं, म्हणजे २३० चे ३२५.

चालू झाल्यावर एक तास लक्ष ठेवून चालवा आणि दर दहा मिनिटांनी कवचाला हात लावा. हात टेकवून ठेवता येत असेल तर ठीक. मग बैठकीच्या आत एक जाड कागद चिकटवा आणि त्यावर लिहा: मोटरची जात, पोल, किती व्होल्ट, किती हर्ट्झ किंवा डीसी, प्रत्येक जोडीचे ओहम, आणि कुठली वायर कशाला. पुढच्या वेळी हा तळ दुसरंच कुणीतरी उघडेल.